मदत आणि मिंधेपणा

(हिंदमाता परिसरातल्या महिला गटांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)

ही बैठक मागच्या महिन्यातच व्हायची होती, पण हिंदमाताला पाणी भरलं आणि आपण ती पुढे ढकलली. एका परीनं बरंच झालं. त्याच्या आधीच्या बैठकीत आपण सगळ्याच जरा तापलो होतो. मधे दिवस गेले, डोकी थंड झाली, आता शांतपणे बोलता येईल.

आज दुसऱ्या गटांतल्या बायकाही आल्यात, म्हणून विषय थोडक्यात सांगते. आमच्या गटात सव्वीस जणी आहोत. कुणी इस्पितळात आया, कुणी इथल्या कापडाच्या दुकानांत कामाला, कुणी घरी पोळीभाजीचे डबे करते. महिन्याला प्रत्येकीचे शंभर रुपये बाजूला पडतात. वर्षाचे झाले एकतीस हजार दोनशे. दरवर्षी ते कुठल्या तरी मुलींच्या शिक्षणाला द्यायचे असं आपण ठरवलंय. यंदा पालघर जिल्ह्यातल्या एका शाळेचं पत्र आलं. शाळा चर्चची आहे, सिस्टर चालवतात. वसतिगृहात आदिवासी मुली राहतात. मोठ्या मुलींसाठी दोन न्हाणीघरं बांधायची आहेत आणि काही जणींच्या वह्यापुस्तकांचा खर्च हवाय. पूर्वी परदेशातल्या एका छोट्या मंडळाची वर्गणी यायची, ती आता बंद झाली, असं त्यांनी पत्रात लिहिलंय.

पत्र वाचून झालं आणि तीन बाजूंनी तीन आवाज उठले. एक जण म्हणाली, चर्चच्या शाळेला आपण का द्यायचे, उद्या त्या मुलींना बाटवतील. दुसरी म्हणाली, आपल्या चाळीतल्या पोरी फीपायी शाळा सोडताहेत, आधी त्यांचं बघू. तिसरी म्हणाली, द्यायला हरकत नाही, पण पैसा आपला आहे तर तिथे काय चालावं हेही आपण ठरवायला हवं. मग मला सांगितलं गेलं की तू जरा वाचून ये आणि पुढच्या वेळी बोल.

वाचलं. पण वाचलेलं सांगण्याआधी माझी स्वतःची एक गोष्ट सांगायला हवी. ती मी आजवर इथे कधी बोललेले नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. इथे बसलेल्यांपैकी निम्म्या जणींच्या घरात तो संप अजून संपलेला नाही. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत माझे वडील होते. मी तेव्हा पाचवीत, मिशनच्या एका शाळेत शिकत होते. शाळेचं नाव सांगत नाही, कारण मला शाळेची तक्रार करायची नाही. फी थकली तेव्हा शाळेनं मला काढलं नाही. परदेशातल्या एका बाईंकडे माझं नाव दिलं. त्या बाई माझी फी भरू लागल्या. दहावीपर्यंत भरली. ते पैसे आले नसते तर मी आज तुमच्यासमोर कागद हातात धरून उभी नसते, हे आधी सांगते.

वर्षातून दोनदा आम्हाला पत्रं लिहावी लागत. अशा आम्ही दहाबारा मुली होतो. फळ्यावर पत्र लिहिलेलं असायचं, ते उतरवून काढायचं. मी बरी आहे, माझा अभ्यास चांगला चालला आहे, आमच्याकडे पाऊस चांगला झाला, तुमचे फार आभार. एकदा मी मधेच स्वतःचं एक वाक्य घातलं. माझे वडील संपावर आहेत आणि आई खानावळ चालवते, असं. बाईंनी ते वाक्य खोडलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, असलं लिहू नये, त्यांना वाईट वाटेल. मला ते पत्र पुन्हा स्वच्छ उतरवून काढावं लागलं.

पुढे नाताळात त्या परदेशातल्या बाईंचं कार्ड आलं. बर्फात उभं असलेलं लाल छपराचं घर होतं त्यावर. त्यांनी विचारलं होतं, तुझे वडील काय करतात? म्हणजे त्यांना जाणून घ्यायचं होतं! आणि मला सांगायचं होतं. मधे फळा होता. त्या प्रश्नाचं उत्तरसुद्धा फळ्यावरूनच गेलं: माझे वडील कामावर जातात.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, ज्यांचं घेतो त्यांचं ऐकावं लागतं. आई दिवसाला तीस माणसांना जेवू घालत होती, घर तिच्या जिवावर चाललं होतं, आणि तरी ती असं म्हणाली. आपल्या भाषेत यासाठी शब्द आहे, मिंधं होणं. घेणाऱ्याची मान खाली जाते आणि जीभ आत जाते. म्हणून चर्चची शाळा की आपली शाळा या प्रश्नाच्या आधी मला एक दुसरा प्रश्न विचारावासा वाटतो: जिच्यासाठी पैसा जातो, त्या मुलीला बोलता येतं का? हा प्रश्न घेऊनच मी वाचायला बसले.

वाचताना पहिली गोष्ट कळली ती ही, की दूरच्या बायकांच्या वर्गणीवर चाललेली चर्चची शाळा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आफ्रिका येते. तिकडे आजही कितीतरी शाळा चर्चच्या आहेत आणि युरोप-अमेरिकेतली छोटीछोटी मंडळं त्यांना पैसे पाठवत असतात. पण एके काळी ती शाळा आपल्या मुंबईत होती. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ साली मुंबईत उतरली. त्यांनी १८२४ मध्ये इथे मुलींची शाळा काढली. १८२७ मध्ये सिंथिया फरार ही लग्न न केलेली बाई बोस्टनकडून मुलींना शिकवायला मुंबईत आली. १८२९ मध्ये स्कॉटिश मिशनच्या मार्गारेट विल्सन आल्या, त्यांनीही मुलींच्या शाळा काढल्या. सहा वर्षांनी, १८३५ मध्ये, त्या इथेच वारल्या. गावदेवीची सेंट कोलंबा शाळा आपलं मूळ त्यांच्या शाळांपर्यंत नेते.

या शाळांना पैसा कुठून यायचा? मोठे सावकार होतेच, पण बायकांची मंडळंही होती. अमेरिकेत तेव्हा आठवड्याला एक सेंट बाजूला काढणाऱ्या बायकांची मंडळं होती. आपल्याकडे रोज मूठभर तांदूळ बाजूला काढतात, तसंच ते. एडिंबरोमध्ये १८३७ साली हिंदुस्थानातल्या मुलींच्या शिक्षणासाठी बायकांनी खास मंडळ काढलं. त्या बायकांना तिकडे मत नव्हतं. लग्न झालेल्या बाईची मिळकतसुद्धा नवऱ्याची धरली जायची. अशा बायका सातासमुद्रापलीकडच्या मुलींसाठी पैसे जमवत होत्या. त्यांच्या मनात धर्म होता, हे लपवायचं कारण नाही. या मुली ख्रिस्ती व्हाव्यात असं त्यांना वाटत होतं. पण शाळेत शिरलेली मुलगी काय करेल, हे पैसे देणाऱ्यांच्या हातात राहत नाही.

बघा ना. सिंथिया फरार पुढे नगरला गेल्या आणि १८६२ मध्ये वारेपर्यंत तिथेच शिकवत राहिल्या. त्यांची नगरची शाळा पाहून आपल्याला मुलींची शाळा काढावीशी वाटली, असं जोतीराव फुल्यांनी स्वतः सांगून ठेवलंय. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात सावित्रीबाई शिकवायला उभ्या राहिल्या. त्यांची शाळा चर्चची नव्हती. फुल्यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही चौदा वर्षांची मांग समाजातली मुलगी. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, आणि तो १८५५ मध्ये छापला कुणी? अमेरिकन मिशनच्या 'ज्ञानोदय'नं. निबंधात तिनं पेशवाईतल्या अन्यायावर बोट ठेवलं, आणि ज्यांना ग्रंथ वाचायची बंदी आहे त्यांनी स्वतःचा धर्म कोणता म्हणायचा, असा थेट सवाल केला. फळ्यावरून उतरवलेलं ते पत्र नव्हतं. मला माझं खोडलेलं वाक्य आठवलं. मुक्ताची वाक्यं छापली गेली म्हणून ती आज आपल्यापर्यंत आली.

आता पंडिता रमाबाईंकडे येते, कारण आपल्या तिन्ही भांडणांची उत्तरं मला त्यांच्या चरित्रात सापडली.

रमाबाईंना आपण मदत देणाऱ्या, आश्रम चालवणाऱ्या म्हणून ओळखतो. पण त्या आधी मदत घेणाऱ्या होत्या. १८८२ मध्ये नवरा गेला, पदरात मनोरमा, शिकायची इच्छा. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या सिस्टरांच्या मठात राहिल्या. खर्च त्यांचा. त्याच वर्षी सप्टेंबरात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. झालं, सिस्टरांना वाटलं आता ही आपली आज्ञाधारक मुलगी. तिथेच ठिणगी पडली. चेल्टनहॅमच्या कॉलेजात रमाबाई शिकत होत्या आणि शिकवतही होत्या. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचा प्रश्न निघाला तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. का, तर आपल्या देशातले लोक काय म्हणतील! रमाबाईंनी ते मानलं नाही. बाई कुणाला शिकवू शकते आणि कुणाला नाही, हे ठरवणारे तुम्ही कोण, असा त्यांचा सूर होता. धर्माच्या बाबतीतही जे बुद्धीला पटत नाही ते मी निमूटपणे स्वीकारणार नाही, असं त्या सिस्टर जेराल्डिनना पत्रांतून सांगत राहिल्या. ज्यांच्या घरात राहायचं, ज्यांचं अन्न खायचं, त्यांच्याशीच हे भांडण! ती पत्रं १९७७ मध्ये पुस्तकरूपानं छापली गेली, मिळाली तर जरूर वाचा. मिंधेपणा झुगारून घेतलेली मदत कशी असते ते त्यांत दिसतं.

मग अमेरिका. आनंदीबाई जोशींना ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात डॉक्टरची पदवी मिळाली, त्या समारंभासाठी रमाबाई तिकडे गेल्या आणि दोनअडीच वर्षं राहिल्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू बायकांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते विकून पैसा उभा केला. गावोगाव भाषणं केली. त्याच वर्षी डिसेंबरात बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिच्या शाखांना 'रमाबाई सर्कल' म्हणत. दहा वर्षं दरसाल वर्गणी देऊ, असं या सर्कलच्या बायका वचन देत. आपल्या भिशीसारखी, फक्त उचलायची दुसऱ्या देशातल्या विधवांनी.

या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी गिरगाव चौपाटीवर शारदा सदन उघडलं. इथून बसनं गेलं तर अर्धापाऊण तास. तारीख लक्षात ठेवा, आनंदीबाईंच्या पदवीला बरोबर तीन वर्षं झाली होती. विधवा मुलींना राहायला जागा, शिक्षण, पुढे स्वतःच्या पायावर उभं राहण्याची सोय. आणि अट काय होती? चालवणारी ख्रिस्ती, पैसे देणाऱ्या ख्रिस्ती, पण शाळेत कुठल्याही धर्माचा प्रचार करायचा नाही. मुलींनी आपापले आचार पाळावेत. मिशनऱ्यांना हे आवडलं नाही. ख्रिस्ती बाईनं ख्रिस्ताचं नाव न घेता शाळा चालवायची म्हणजे काय! आणि सनातन्यांना तर ती बाटलेलीच वाटत होती. दोन्हीकडून मार खाल्ला.

पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. कोकणातली बालविधवा, केशवपन झालेली. भाऊ नरहरपंत जोशी यांनी तिला शाळेत आणलं. तिचं पुढे काय झालं ते सांगतेच.

सदन १८९० च्या अखेरीस पुण्याला हललं. तिथे काय झालं ते नीट ऐका, कारण आपल्या पहिल्या आक्षेपाचा हा मुद्दा आहे. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत मुलीबरोबर प्रार्थना करत. दार उघडं असायचं. काही मुली येऊन बसायला लागल्या. पुण्यात ओरड झाली. 'केसरी'नं कोरडे ओढले. सल्लागार मंडळात रानडे होते, भांडारकर होते. ते म्हणाले, दार बंद करा. रमाबाई म्हणाल्या, माझ्या घरात मी दार लावून प्रार्थना करणार नाही, आणि कुणाला बोलावणारही नाही. १८९३ च्या ऑगस्टमध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले. पालकांनी वीसपंचवीस मुली काढून नेल्या.

यात खरं काय, खोटं काय? पुढे सदनातल्या काही मुली ख्रिस्ती झाल्या, हे खरं आहे. दडवायचं कशाला? पण ज्या मुलींना काढून नेलं त्या कुठे गेल्या, याची चौकशी केसरीकारांनी केली का? ज्या घरांत त्यांचं डोकं भादरलं होतं, एक वेळचं जेवण दिलं होतं, तिथेच त्यांतल्या कितीतरी परत गेल्या. धर्म वाचला असं पुरुष म्हणाले. रानड्यांसारखा सज्जन माणूसही शेवटी दाराचीच चर्चा करत राहिला. मुलींना बोलावून, तुम्ही त्या खोलीत का जाता, असं कुणी विचारलं नाही. बाप्तिस्मा घेतल्यावरही रमाबाईंची बाजू घ्यायला जोतीराव फुले १८८५ मध्येच 'सत्सार'मधून पुढे आले होते. त्यांना कळलं होतं की बाई धर्म सोडते तेव्हा आधी धर्मानं तिला सोडलेलं असतं.

बोस्टनच्या बायकांचं मात्र मला कौतुक वाटतं. या वादाच्या काळात त्यांच्या कार्यकारिणीच्या प्रमुख जूडिथ अँड्र्यूज स्वतः समुद्र ओलांडून पुण्याला आल्या, राहिल्या, पाहिलं. आणि वर्गणी थांबली नाही. दहा वर्षं म्हणाल्या होत्या, दहा वर्षं दिली. १८९८ मध्ये मुदत संपली तेव्हा रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या आणि नवी व्यवस्था झाली. तोवर दुष्काळ पडला होता, रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली आणल्या होत्या, केडगावचं मुक्ती सदन उभं राहत होतं. ते उघडउघड ख्रिस्ती होतं. पण आणखी एक गोष्ट तिथे घडली. शारदा सदन मुख्यतः वरच्या जातीतल्या विधवांचं होतं. केडगावला दुष्काळानं जातीच्या भिंती पाडल्या. बोस्टनच्या पैशालाही आधी जात होती, हे आपण विसरू नये.

आता गोदूबाई. सदनात शिकल्या. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. पुन्हा अकरा मार्च! मुरूडच्या लोकांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या, सगळे बाया म्हणायचे. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ मध्ये बायकांचं विद्यापीठ. चर्चच्या बाईच्या शाळेतून निघालेला ओहोळ हा असा हिंगण्याला गेला, आणि तिथून परत मुंबईला, आपल्या एसएनडीटीला आला.

आणि आफ्रिकासुद्धा यात आहे. १९३० च्या अखेरीस अण्णा कर्वे बहात्तर वर्षांचे होते, आणि ते विद्यापीठासाठी पैसा जमवायला आफ्रिकेला निघाले. पंधरा महिने फिरले. मोंबासा, युगांडा, टांगानिका, झांझिबार, दक्षिण आफ्रिका. तिकडच्या दुकानदारांनी, कारकुनांनी, रेल्वेतल्या बाबू लोकांनी आपल्या इथल्या मुलींसाठी पैसे दिले. आपल्याला वाटतं आफ्रिका म्हणजे नुसती मदत घेणारी. आपल्या मुलींनी आफ्रिकेतून आलेल्या पैशावर शिक्षण घेतलंय. देणारा देश आणि घेणारा देश असं काही कायमचं नसतं.

देणाऱ्याच्या अटीही काही गोऱ्यांच्याच असतात असं नाही. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी या विद्यापीठाला पंधरा लाख देऊ केले, आणि त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला मिळालं. नाथीबाईंच्या नावानं मुली पदव्या घेतात याचा मला आनंदच आहे. पण ज्या बायकोला घेऊन कर्व्यांनी बहिष्कार सोसला तिचं नाव त्या विद्यापीठाच्या पाटीवर नाही. तिनं मात्र एक काम करून ठेवलं. 'माझे पुराण' नावाचं आत्मचरित्र लिहिलं, १९४४ मध्ये ते छापलं गेलं. म्हणजे शारदा सदनाच्या पहिल्यावहिल्या मुलींतल्या एकीनं आपली हकीकत आपल्या शब्दांत सांगितली. मदत कामाला आली की नाही याचा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही.

मैत्रिणींनो, आज बोस्टनच्या बायकांच्या जागी आपण आहोत. परदेशातून पैसा घेण्याबाबत १९७६ पासून कायदा होता, २०१० मध्ये नवा आला. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका ठरावीक शाखेतूनच यावा लागतो, कागदपत्रंही खूप. अशा वेळी पालघरच्या सिस्टर परदेशातल्या मंडळाऐवजी हिंदमाताच्या बायकांना पत्र लिहितात, यात मला वाईट काही दिसत नाही. देशातली वर्गणी देशातल्या शाळेला. तर मग त्या तीन आवाजांना माझी उत्तरं अशी.

बाटवतील, ही भीती. आपल्या राज्यघटनेच्या तिसाव्या कलमानं अल्पसंख्याकांना शाळा चालवायचा हक्क दिलाय. आणि अठ्ठाविसाव्या कलमानं सांगितलंय की सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कुणालाही तिच्या संमतीशिवाय, आणि ती अज्ञान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, प्रार्थनेला किंवा धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. दोन्ही कलमं एकाच घटनेत आहेत. आपण सिस्टरांना सरळ विचारू: प्रार्थनेला न येणाऱ्या मुलीचं तुमच्याकडे काय होतं? उत्तर ऐकू, आणि मुलींनाही विचारू. हाच प्रश्न आपण सरस्वतीपूजन सक्तीचं करणाऱ्या शाळेलाही विचारणार असलो, तरच तो इथे विचारायचा आपल्याला अधिकार.

आपल्या चाळीतल्या मुली आधी, हे म्हणणं. हे मला सर्वांत जड वाटतं, कारण ते खरं आहे. म्हणून मी म्हणते, निम्मे निम्मे करा. पंधरा हजार सहाशे इथे, तेवढेच तिथे. न्हाणीघराचं एक तरी काम त्यात मार्गी लागेल. वयात आलेल्या मुलीला न्हाणीघर नसतं तेव्हा महिन्यातले चार दिवस तिची शाळा बुडते आणि मग कायमची सुटते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. आपण चाळीतल्या सामायिक नळावर आणि संडासापुढच्या रांगेत वाढलोय.

पैसा आपला तर हुकूम आपला, हे तिसरं. इथे मात्र माझा विरोध आहे. हिशेब मागा. पावती मागा. वसतिगृह आहे, तेव्हा मुलींच्या सुरक्षिततेचं विचारा, तक्रार कुणाकडे करायची हे मुलींना माहीत आहे का ते विचारा. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचार कळल्यावर तो पोलिसांना न कळवणं हा गुन्हा आहे, मग संस्था चर्चची असो, देवळाची असो की आपली स्वतःची. हे विचारणं आपलं कर्तव्य आहे. पण मुलींनी काय घालावं, कुठली गाणी म्हणावीत, आपल्यासमोर रांगेत उभं राहून टाळ्या वाजवाव्यात, हे आपण ठरवायचं नाही.

आणि आपल्यासाठी काही अटी मी घालू इच्छिते. एक, कुठल्याही मुलीचा फोटो मागायचा नाही आणि आपल्या अंकातही छापायचा नाही. दोन, आभाराचं पत्र नको. लिहायचं असेल तर मुलगी हवं ते लिहील, मराठीत, वारलीत, तिला येईल तशा अक्षरात, आणि ते सिस्टरही तपासणार नाहीत. त्यात तिनं तक्रार लिहिली, आपल्याविषयी लिहिली, तरी ते पत्र इथे मोठ्यानं वाचायचं. तीन, बोस्टनसारखी मुदत आधीच सांगायची. तीन वर्षं देऊ म्हटलं तर तीन वर्षं द्यायचे. मधेच कुणीतरी वर्तमानपत्रात काही लिहिलं म्हणून हात आखडायचा नाही, आधी जाऊन बघायचं. अँड्र्यूजबाई बोस्टनहून बोटीनं आल्या. आपल्याला तर लोकल पकडून जायचंय.

माझी फी भरणाऱ्या बाईंचं नाव मला आठवतं. त्या आता हयात नसाव्यात. त्यांना एक पत्र लिहायचं राहून गेलं: माझे वडील संपावर होते, आई खानावळ चालवायची, आणि तुमचे पैसे वेळेवर पोचत होते. एवढंच. ते पत्र त्या मुलींपैकी कुणाचं राहू नये, म्हणून मी माझं मत देण्याच्या बाजूनं टाकते.

आता तुम्ही बोला. जिचा विरोध आहे तिनं आधी बोलावं.